ल मॉर्न : आधी डोंगर, मग किनारा

मॉरिशसच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्न ब्राबाँ हा 556 मीटर उंचीचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. पायथ्याचा पांढरा किनारा पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीत दिसतो. बहुतेक लोक तिथे डुंबतात, फोटो काढतात आणि निघतात. ताईने आणि मी आधीच ठरवलं होतं, सकाळी डोंगर आणि दुपारी किनारा. हाच क्रम ठेवा. उन्हं चढली की वरचा कातळ तापतो, आणि दुपारनंतर फाटकातून वर सोडत नाहीत.

पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक-आं-फ्लाक गावाहून उजाडायच्या आत टॅक्सीने निघालो. त्या टोकाला बस फार कमी जातात. फाटकाशी वहीत नावं लिहिली, पैसे पडले नाहीत. एकट्याने जाता येतं, पण आम्ही तिथल्याच गावातला वाटाड्या घेतला आणि त्याचे पैसे पुरेपूर वसूल झाले.

निम्मी वाट रुंद, झाडांच्या सावलीतली, लहान मुलंही चालतील अशी. मग एक मोकळा माळ लागतो, खाली हिरवट-निळा उथळ समुद्र आणि त्याला बांध घातल्यासारखी प्रवाळाची कड दिसते. गुडघे दुखत असतील तर इथूनच परता, दृश्यात काही कमी पडत नाही. पुढे मात्र चढ अंगावर येतो. हात टेकत, खोबणी शोधत जावं लागतं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हा दगड हाताला ओळखीचा लागेल, कारण तोही बसाल्ट. नुसता तसाच नव्हे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतातून सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्याच्यावरच फार पुढे मॉरिशस उभं राहिलं, असं भूशास्त्रज्ञ मानतात. हे आठवलं आणि त्या कातळावर पाय जरा विश्वासाने पडू लागला. पाऊस झाला असेल तर तो विश्वास ठेवू नका, दगड निसरडा होतो. बुटांचे तळवे चांगले हवेत, आणि माणशी दीड लिटर पाणी.

वाट लोखंडी क्रुसापाशी संपते. खरं शिखर त्याच्याही वर आहे, तिथे जाता येत नाही. वाटाड्याने आम्हाला बसवलं आणि मग सांगायला सुरुवात केली. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्यांच्या कपारींत लपून राहत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी इथली गुलामगिरी संपली. लोक सांगत आले आहेत की सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर येऊ लागले, तेव्हा आपल्याला धरायलाच आले असं समजून त्या माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या. तो हे पाठ केलेल्या माहितीसारखं सांगत नव्हता, घरातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत होता. ताई बराच वेळ कड्याच्या बाजूला बघत होती. ल मॉर्नला 2008 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती या आठवणीसाठी. हे माहीत असल्याशिवाय खालच्या वाळूत पाय ठेवू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

उतरताना वेळ चढण्याइतकाच लागला. तीव्र जागी सरळ बसून सरकावं.

किनाऱ्याजवळ गुलामांच्या स्मृतीसाठी उभारलेली दगडी शिल्पं आहेत. मादागास्कर, मोझांबिक इथून माणसं आणली गेली, तशी भारतातूनही आणली गेली. आपल्याला गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, तेवढे ठाऊक असतात. त्यांच्याआधी, फ्रेंचांच्या काळात, गुलाम म्हणून आलेले भारतीय आपण विसरूनच गेलो आहोत. तिथे जरूर थांबा.

मग सुरूच्या सावलीत डालपुरी, म्हणजे डाळ भरलेली तिथली पोळी, खाल्ली, तिखट-मीठ लावलेला अननस खाल्ला आणि पाण्यात शिरलो. पाणी उथळ, पण तळाशी प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी समुद्री साळू असतात, तेव्हा पायात रबरी बूट हवेत. मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून सुसाट जाणारे (काइटसर्फर) असतात त्या बाजूला पोहू नका, तिथे वारा आणि ओढ दोन्ही जास्त.

राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे गिरमिटिये जिथे उतरले तो धक्का, त्याच दिवशी उरकायचा मोह आम्ही टाळला. कोकणातून गेलेल्या आपल्या माणसांची पावलं तिथल्या पायऱ्यांवर पडली आहेत, त्याला अख्खी सकाळ द्यायची होती. तो रविवारी बंद असतो, म्हणून सोमवार ठरवला.