पाणी कुठं मुरत होतं ते सापडलं

माझ्या जुन्या अमेरिकन बास बोटीच्या (गळानं मासे धरायच्या बोटीच्या) ट्रान्समचा, म्हणजे जिथं इंजिन लावतात त्या मागच्या भिंतीचा, डावा खालचा कोपरा अखेर कोरडा पडला, मंडळी. ओल आहे का बघायला रात्री प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला होता, सकाळी उचलला तर खाली एक थेंब नाही. आता यात काय एवढं, असं वाटेल, पण मागची पोस्ट ज्यांनी वाचली आहे त्यांना कळेल की या वीतभर जागेनं माझा अख्खा उन्हाळा खाल्लाय.

थोडक्यात मागचं सांगतो. मागचा फ्लोर कापून काढला, खालचा, बोट तरंगती राहावी म्हणून भरलेला पण आता भिजलेला फोम खुरप्यानं आणि फावड्यानं उपसला, ट्रान्समचा कुजका प्लाय आतल्या बाजूनं छिन्नीनं काढून बाहेरची फायबरची कातडी तेवढी शाबूत ठेवली. आता ती कातडी पूर्ण वाळल्याशिवाय नवा प्लाय बसवता येत नाही, आणि घोडं तिथंच अडलं होतं. दोन हॅलोजन, एक टेबल फॅन, वर सांगलीचा मे महिना. उजवी बाजू खडखडीत वाळली. डाव्या कोपऱ्यात मात्र रोज सकाळी प्लॅस्टिकखाली दव.

संशयित सगळे रांगेनं तपासले. आधी निचऱ्याच्या बुचाची पितळी नळी. ती काढून भोक दोन्ही बाजूंनी बंद केलं. दव तसंच. मग स्प्लॅशवेलच्या (इंजिनापुढच्या पाणी झेलणाऱ्या खोलगट जागेच्या) निचऱ्याची नळी. मग लाइव्हवेलच्या (मासे जिवंत ठेवायच्या टाकीच्या) पंपाचं आउटलेट, त्याचं सिलिकॉन कुणीतरी पूर्वी थापून ठेवलं होतं, ते पाहूनच खात्री पटली होती की चोर हाच. खरवडून बंद केलं, तरी दव तसंच. मग वाटलं वळवाच्या पावसानं हवा दमट झालीय म्हणून असेल. पण मग उजवा कोपरा कोरडा कसा?

खरा सुगावा लागला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. पहिल्यांदा वजन केलं तेव्हा ट्रॉली वजा जाता ६४० किलो भरलं होतं, इंजिन नसताना. जुन्या ब्रोशरप्रमाणे नुसती हल (बोटीचं अंग) ९०० पौंडांची, म्हणजे ४१० किलोच्या आत. फोमनं पाणी प्यायलंय हे तेव्हाच कळलं होतं. आता गाळप संपल्यामुळं कारखान्याचा काटा रिकामाच असतो, काटेवाला ओळखीचा झालाय, म्हणून सगळा मागचा भाग उपसल्यावर पुन्हा नेली. ५०० किलो. हा काटा दहा-दहाच्या टप्प्यानं दाखवतो, तेवढं इकडंतिकडं धरू. पण फ्लोर गेला, फोम गेला, ट्रान्समचा गाभा गेला, सीटा काढल्यात, तरी ब्रोशरच्या वजनाच्या वर? निदान दीडशे किलो अजून कुठंतरी बसलेत, आणि मागं तर आता काहीच उरलेलं नाही.

त्याच आठवड्यात मिरजेचे चाचा आले. सतारमेकर गल्लीत आयुष्य गेलेला माणूस, भोपळा हातात घेऊन बोटानं टिचकी मारली की तो तंबोऱ्याला लागेल की नाही हे सांगणारा. माझ्या वडिलांचे जुने स्नेही. ते आले होते बोट बघायला म्हणून, चहा घेतला, मग खिशातून लाकडाची एक छोटी मोगरी काढून ट्रान्समपासून ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक. मीही हातोडीच्या दांड्यानं हेच करतो, सगळेच करतो, पण आपल्याला टणक आणि पोकळ एवढंच ऐकू येतं.

"हे बोलतंय," ते उजव्या बाजूला म्हणाले. "हेपण बोलतंय." मग डाव्या बाजूनं पुढं पुढं सरकत स्टीअरिंगचं कन्सोल ओलांडून थेट कास्टिंग डेकच्या (उभं राहून गळ फेकायच्या पुढच्या ओट्याच्या) कडेला गेले आणि थांबले. पुन्हा ठोकलं. कान जवळ नेला. "बाळ, हे भरलंय. पार इथपर्यंत." खडूनं रेघ मारली. नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, डेकखाली, डाव्या बाजूला, तळापासून वीतभर उंचीपर्यंत.

मी म्हटलं चाचा, पुढचा फोम तर कोरडा आहे, हॅचमधून (डेकच्या झाकणातून) हात घालून बघितलाय. ते म्हणाले, "वरचा हात लागतो तेवढा कोरडा असेल."

हॅचच्या आतल्या भिंतीला, रेघेच्या खाली, आठ एमएमचं भोक मारलं. ड्रिलचा बिट बाहेर काढला आणि त्याच्यामागून चहाच्या रंगाचं पाणी आलं. आधी धार, मग ठिबक, आणि वास असा की पोरगी नाक धरून पळाली. ते ठिबकणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालू होतं. बादली भरली, पुन्हा ठेवली.

पण पुढचं पाणी मागच्या कोपऱ्यात पोचतं कसं? मध्ये दोन आडव्या भिंती आहेत. इथं पोरीच्या रंगपंचमीच्या पिशवीतला उरलेला गुलाबी रंग कामी आला. पाण्यात कालवून त्या भोकातून सिरिंजनं आत सोडला. ट्रॉलीवर बोटीची नाळ उचललेली असते, निचरा व्हावा म्हणून आपण सगळेच तशी ठेवतो. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लॅस्टिक उचललं तर डाव्या कोपऱ्यात फिकट गुलाबी डाग.

ज्यांच्याकडं अशा जुन्या अमेरिकन हल आहेत त्यांनी पुढचं नीट वाचा. पुढच्या ट्रोलिंग मोटरच्या (बोट हळू चालवायच्या छोट्या विजेच्या मोटरच्या) वायरी मागच्या बॅटरीपर्यंत न्यायला बऱ्याचदा बोटीच्या कारखान्यातच डाव्या स्ट्रिंगरला (तळाशी लांबीला जाणाऱ्या आधाराच्या फळीला) चिकटून एक पीव्हीसी पाइप टाकलेली असते, आणि तिच्याभोवती फोम ओतलेला असतो. मागचा फोम काढताना ती पाइप मी तशीच ठेवली होती, वायरी त्यातूनच परत न्यायच्या होत्या. आतून टॉर्च मारून बघितली होती, कोरडी ठणठणीत. पाणी आतून येतच नव्हतं. पाइप दोन्ही भिंतींतून आरपार जाते तिथं बाहेरून रेझिन नीट भरलेलं नाही, पाइप आणि स्ट्रिंगरच्या मधल्या फटीतून ते सरकत मागं येत होतं आणि पाइप जिथं संपते तिथं, म्हणजे बरोबर त्या कोपऱ्यात, जिरत होतं. म्हणजे ट्रान्सम कुजला तो इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून गेलेल्या पाण्यानं, हे माझं आणि आपल्यातल्या बहुतेकांचं गृहीतक निदान या बोटीपुरतं अर्धंच खरं.

पाइप उपटून काढली. फट उघडी पडली. मग चौथ्या रात्रीनंतर कोपरा कोरडा.

आता पुढचा डेक कापावाच लागणार, फोम तिथला सगळा जाणार. आधी फार जिवावर आलं होतं. तो डेक चांगला आहे, गालिचा तेवढा खराब. पण मग एक सुचलंय, आणि मला वाटतं हेच करायचं. डेक कापणारच आहे तर पुन्हा त्याच उंचीवर बांधायचाच कशाला? बास बोटीचा पुढचा डेक उंच आणि सपाट असतो तो उभं राहून गळ फेकायला. आपल्या कृष्णेत बास नाही, आहेत ते कटला, चिलापी, मरळ, वाम. आणि बोटीत बसणार कोण, तर आई, बायको, दोन पोरं. बाजू इतक्या बुटक्या की डेकवर बसलेल्या पोराचा हात सरळ पाण्यात. औदुंबर-भिलवडीच्या बाजूला कृष्णेतल्या मगरी आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नकोत. त्यापेक्षा डेक फूटभर खाली उतरवून नाळेत दोन्ही बाजूंना बाक करायचे, म्हणजे पोरं बोटीच्या आत बसतील, वर नाही. वर सव्वा इंची स्टेनलेस पाइपचं रेलिंग. गोड्या पाण्याला ३०४ ग्रेड पुरतं, कुपवाडचा फॅब्रिकेटर महागडं ३१६ गळ्यात मारत होता, त्याला नको म्हटलं.

याचा आणखी एक फायदा. बाकाखाली बॅटरी पुढंच ठेवता येते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट, वजन बारा-तेरा किलो, शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास. ५५ पौंड रेट्याची ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे फुल्ल दाबली तरी दोनेक तास, आणि फुल्ल कुणी दाबत नाही. मोटर पुढं, बॅटरी पुढं, मग मागपर्यंत जाड वायर नको, पाइप नको, फटही नको. शिवाय मागं चाळीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन ७० किलोच्या घरात, वर पेट्रोलची टाकी, बोट तशीही मागून बसायची. तो तोल थोडा पुढं येईल.

फोमचा विचारही बदललाय. मी पुन्हा ओतायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोमच धरून चाललो होतो, त्याचे एकत्र मिसळायचे ए आणि बी कॅनसुद्धा विचारून ठेवले होते. आता नाही. ओतलेला फोम एकदा भिजला की काढायचा म्हणजे बोट फाडायची. त्याऐवजी एक्सपीएसच्या (पॉलिस्टायरिन फोमच्या) पाट्या कापून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पट्ट्यांनी बांधायच्या, खाली बोटभर जागा पाणी वाहायला मोकळी. दर उन्हाळ्यात काढून उन्हात टाकता येतील. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन पॉलिस्टायरिनला खाऊन टाकतं, आणि पेट्रोलही. म्हणून लॅमिनेशनचं (काचेचं कापड आणि रेझिनचे थर चढवायचं) काम पूर्ण सुकल्यावरच पाट्या आत जाणार, आणि टाकीच्या कप्प्यात एकही नाही.

फोम मुळात घालूच नको, वजन वाचेल, असा सल्ला एकानं दिला. तो मी ऐकणार नाही. साधा हिशोब आहे, १०० लिटर फोम म्हणजे नव्वद-पंच्याण्णव किलो वजन पाण्यावर तोलून धरायची ताकद. अमेरिकेत २० फुटांखालच्या आउटबोर्ड (मागं बाहेरून इंजिन टांगलेल्या) बोटी पाण्यानं भरल्या तरी सपाट तरंगत राहिल्या पाहिजेत असा नियमच आहे, आणि किती माणसं, किती वजन चालतं ते लिहिलेली क्षमतेची पट्टी माझ्या बोटीवर अजून वाचता येते. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. जादा माणसं, भरलेली बोट. ती पट्टी मी घासून-पुसून कन्सोलवर डोळ्यांसमोर लावणार आहे, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पोरांना धक्क्यावरून पाय उचलू देणार नाही. आईलाही नाही, ती कुरकुरली तरी.

ट्रान्समच्या प्लायबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मरीन प्लाय म्हणून सांगलीत जे हातात ठेवतात त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो, पण शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. मानकाप्रमाणे तो ७२ तास उकळून सुटता कामा नये. घरात तीन दिवस गॅस कोण पेटवणार? आमच्या मामांच्या शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं, तेव्हा तीन दुकानांतले तळहाताएवढे तुकडे एका डब्यात घालून बॉयलरच्या वाफेची नळी त्यात सोडली. हळदीच्या पिपात घालू देईनात मामा, "माझ्या हळदीला प्लायचा वास लागायचा", आणि बरोबरच होतं त्यांचं. बॉयलर चालू तेवढा वेळ वाफ, रात्री पाण्यात बुडवून. एका तुकड्याचे पापुद्रे दुसऱ्याच दिवशी वहीच्या पानांसारखे सुटले. गंमत म्हणजे तोच सगळ्यांत महाग होता. उरलेल्या दोघांपैकी ज्याच्या कडेला आतल्या थरात पोकळी दिसत नाही तो घेतला, १८ एमएमच्या दोन पाट्या, एकमेकींना एपॉक्सीनं चिकटवून.

लॅमिनेशनही ट्रान्समपुरतं एपॉक्सीचंच. पॉलिएस्टर लाकडाला तितकं धरत नाही आणि हे काम पुन्हा करायची माझी तयारी नाही. फक्त एपॉक्सीबरोबर नेहमीची चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चादर) घालू नका. तिच्यातला बाइंडर (धागे धरून ठेवणारा डिंक) स्टायरिननं विरघळतो, एपॉक्सीत स्टायरिन नसतं, मॅट कडक राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. बायअॅक्सियल (दोन तिरप्या दिशांच्या धाग्यांचं) कापड इथं सुटं मिळत नाही, मीटरवर विकायला कुणी तयार नाही, म्हणून वोव्हन रोव्हिंग (जाड विणलेलं काचेचं कापड) वापरणार. आणि या उन्हात एपॉक्सी मगमध्ये कालवून ठेवाल तर काही मिनिटांतच ते तापून धुरायला लागेल. पसरट ट्रेमध्ये ओतायचं, थोडं थोडं, आणि पहाटे. मी साडेपाचला सुरू करून ऊन शेडवर यायच्या आत आवरतो.

ग्राइंडरबद्दल एकच. मल्टिटूलच्या पात्यांवर जेवढे पैसे घातले तेवढ्यात दुसरा ग्राइंडर आला असता, तरीही पुढचा डेक मल्टिटूलनंच कापणार. ग्राइंडरची काचेची धूळ अंगात शिरली की दोन रात्री खाजवण्यात जातात आणि बायको गादीवर झोपू देत नाही.

मृग लागायच्या आत ट्रान्सम बंद करायचा, बाकीचं पावसाळाभर शेडमध्ये. कोयना, चांदोलीच्या जलाशयात बोट न्यायचं मनातून काढून टाकलंय, तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग. म्हैसाळच्या बंधाऱ्यामुळं दिवाळीनंतर सांगलीपर्यंत नदीत पाणी तुंबून असतं, आपल्याला तेवढं बास. तोवर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचे कागद गोळा करतोय, त्यावर वेगळं लिहीन, कारण ते प्रकरण या ट्रान्समपेक्षा लांबणार असं दिसतंय.

उद्या आईला नाळेत पाटावर बसवून बाकाची उंची घेणार. तिचे गुडघे दुखतात, तिला उठता येईल त्या उंचीचा बाक सगळ्यांना चालेल.