मायच्या नवसाचा पाय

मागच्या वर्षी पेरणीच्या टायमाला बाबा बंडीवरून पडले न् डावा पाय मोडला, तेव्हाच मायनं नवस बोलून टाकला होता. आता आमच्या मायचा नवस म्हणजे शेगाव नाहीतर माहूर, पण दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं तिला वेलांकनी मातेचं, म्हणजे तमिळनाडूतल्या मेरीमातेचं, सांगितलं आणि हिनं तिथंच हात जोडले! बाबा काठी टेकत का होईना चालायला लागले, मग जाणं आलंच.

पोळा आटोपून मी न् माय निघालो. बल्लारशाहून रेल्वेनं चेन्नई, तिथून रात्रभर बस, नागपट्टिनमच्या पुढे दहा-बारा किलोमीटर. २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर तिथली यात्रा असते हे मला आधी ठाऊकच नव्हतं, गर्दी पाहून घामच फुटला.

मला वाटलं मायला परकं वाटेल. कसलं काय. मुंडण केलेली पोरं, नवसाची नारळाची रोपं, भगवे कपडे घालून पायी आलेले लोक आणि आत मेरीमाता चक्क साडीत. "थे तं आपल्यासारखीच हाये रे," माय म्हणे. बाहेर दुकानात पत्र्याचे हात, पाय, डोळे मिळतात, ज्याचं जे दुखलं ते वाहायचं. मायला डावाच पाय पाहिजे होता. दुकानदाराला मराठी येत नाही, हिला तमिळ येत नाही, शेवटी स्वतःचा डावा पाय आपटून आपटून दाखवला तेव्हा कुठे मिळाला.

मग ती रेतीची वाट, लोक गुडघ्यावर चालत जुन्या तळ्याकडे जातात. माय पण बसली, मी ओरडलो, आधीच तिचे गुडघे कुरकुरतात, तरी दहा-बारा हात गेलीच.

१९६२ मध्ये पोपनं ह्या चर्चला बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला, वादळातून वाचलेल्या पोर्तुगीज खलाशांनी इथं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, बांधलं, हे सगळं मी तिला वाचून दाखवलं, तिनं हूं हूं केलं. पण सोळाव्या शतकातली लंगड्या पोराची गोष्ट मात्र तिनं दोनदा सांगायला लावली. पोरगा ताक विकायचा, आमच्याकडे त्यालाच मही म्हणतात, एका बाईनं कडेवरच्या लेकरासाठी ताक मागितलं, यानं दिलं, मग तिनं याला नागपट्टिनमला निरोप घेऊन धाडलं, आणि पळता पळता याच्या ध्यानात आलं की आपला पाय बरा झाला.

घरी आल्यावर बाबांना पाणी द्यायच्या आधी तीच गोष्ट सांगून झाली. बाबांनी सगळी ऐकली, काठी भिंतीला टेकवली न् म्हणाले, "मंग आणलं काय मही माह्यासाठी?"