सहाच पडला म्हणे

गणिताच्या पुस्तकातली माणसं फार मोघम असतात. पिशवीत लाल-काळे चेंडू भरतात, न बघता एक काढतात, तो परत न ठेवता दुसरा काढतात, आणि हे सगळं कशासाठी ते कुणाला सांगत नाहीत.

सध्या आमच्या घरी त्यांचा मोठा राबता आहे. खानापूरची भाची दुसऱ्या पीयूसीसाठी, म्हणजे बारावीसाठी, बेळगावात टिळकवाडीत आमच्याकडे राहते, सीईटी ही कर्नाटकची प्रवेश परीक्षा तोंडावर आलीय. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता सगळं इंग्रजीत. म्हणून ती उदाहरण आधी स्वतःशी वाचते, मग आम्हाला मराठीत सांगते. सांगता सांगता तिचं तिलाच कळतं, आम्ही नुसतं ऐकायचं. पण आमच्याकडे नुसतं ऐकणारं कुणी नाही.

"एका जोडप्याला दोन मुलं आहेत. त्यांतली किमान एक मुलगी आहे. तर दोन्ही मुलीच असण्याची शक्यता किती?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "थोरली मुलगी काय धाकटी?"

"ते दिलं नाही, आजी."

"दिलं नाही म्हणजे? विचारायचं की."

गंमत म्हणजे सगळी मेख तिथंच आहे. थोरली मुलगी हे कळलं, तर प्रश्न फक्त धाकट्याचा उरतो आणि उत्तर १/२ येतं. नुसतं 'किमान एक' म्हटलं, तर मुलगी-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगा-मुलगी असे तीन प्रकार शिल्लक राहतात, म्हणून १/३. आमच्या गल्लीत १/३ हे उत्तर येणं अवघड आहे. एवढ्या अर्धवट माहितीवर इथं कुणी दारातून हलत नाही.

खरा वाद झाला तो फासेवाल्यावरून. हा गृहस्थ चारपैकी तीन वेळा खरं बोलतो. फासा टाकतो आणि सांगतो, सहा पडला. तर सहाच पडला असण्याची शक्यता किती? भाचीनं मिळालेल्या माहितीवरून शक्यता काढायचं बेझचं सूत्र लावलं, दोन ओळींत ३/८ काढलं, मागं छापलेलं उत्तरही तेच.

आमच्या ह्यांचा जन्म खडेबाजारात कापडाच्या गल्ल्यावर गेलाय. ते जेवता जेवता थांबले. "खोटंच बोलायचं, तर तो दरवेळी सहाच का सांगेल? दोन सांगेल, पाच सांगेल."

भाची म्हणाली, असं नसतं मामा. मला मात्र राहवेना. वहीच्या मागच्या पानावर फांद्या काढून बघितलं. पुस्तकानं गृहीत धरलंय की फाशावर काहीही पडो, खोटं बोलायचं झालं की हा 'सहा' म्हणणार. पण त्याचं खोटं उरलेल्या पाच आकड्यांत सारखं वाटून दिलं, तर सहा नसताना 'सहा' म्हणण्याचा वाटा पाचपट कमी होतो आणि उत्तर येतं ३/४. थेट दुप्पट झालं की! माझ्या मते ह्यांचंच बरोबर. खोटं बोलणाऱ्यालाही पाच पर्याय असतात, हे दुकानदाराला पुस्तकापेक्षा चांगलं ठाऊक.

"मामा, सीईटीच्या उत्तरपत्रिकेत ३/८ चाच गोल काळा करायचा असतो," भाची म्हणाली. तिचंही खरं. गणिताचे ६० प्रश्न, वेळ ८० मिनिटं. एका प्रश्नाला ८० सेकंद. त्यात फासेवाल्याच्या स्वभावाची चौकशी कुठली करणार?

"आणि काहीच नाही आलं तर?" सासूबाईंचा प्रश्न.

तर कुठलाही गोल काळा करायचा, चुकल्याला गुण कापत नाहीत. प्रत्येकी चार पर्याय, म्हणजे न वाचता रंगवत गेलं तरी सरासरी १५ बरोबर येतात. साठच्या साठ चुकण्याची शक्यता काढली, तर ती तीन कोटींत एक भरली. भाचीला ते फारच आवडलं, तिनं पुन्हा मोजून बघितलं.

ह्यांनी ताट सरकवलं. "न वाचता पंधरा? मग क्लासला एवढी फी कशाची भरली आपण?"