अर्धी दाढी

उजवा गाल झाला होता. डाव्या गालावर फेस तसाच होता. रेझर कानाच्या पाळीखाली टेकवला आणि लाईट गेली.

डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूमला खिडकी आहे, पण ती डक्टमध्ये उघडते आणि त्या डक्टात सूर्य डोकावतो तो दुपारी, तेही उपकार केल्यासारखा. सकाळी सात वाजता तिथे मिट्ट काळोख.

"अहो, मोबाइलचा टॉर्च धरू का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"नको. बघू जमतंय का."

"कापून घ्याल!"

यावर काहीतरी बाणेदार बोलायला तोंड उघडलं आणि फेस आत गेला.

खरं तर टॉर्च घ्यायला हरकत नव्हती. पण गेली पस्तीस वर्षं रोज सकाळी जे काम करतोय ते डोळ्यांवाचून येतं की नाही, एवढं तरी कळायला हवं, असं उगाच डोक्यात आलं. शिवाय हातात वडिलांचा पितळी रेझर होता. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाला १९०४ साली ज्या दुधारी पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं, त्याच्याच घराण्यातला. पात्याची जेमतेम धार बाहेर, बाकी सगळं झाकलेलं. हातात वस्तरा असता तर हे धाडस मी केलं नसतं, निमूटपणे टॉर्च मागवला असता.

पहिला हात फिरवला आणि दचकलोच. केवढा आवाज! खर्रर्र. रोज हा आवाज होतच असणार, पण आरशात बघायच्या नादात तो कधी कानावर घेतलाच नव्हता. कानावर तरी कसं म्हणू? पातं गालावर चालतं आणि आवाज जबड्याच्या हाडातून थेट आत शिरतो. आपण बोलतो तेव्हाही आपला आवाज आपल्याला हवेतून आणि हाडांतून असा दोन वाटांनी ऐकू येतो. म्हणून तर रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज परक्या माणसाचा वाटतो. दाढीचा आवाजही तसाच, खास मालकाला ऐकू येणारा. सुलटा हात फिरवताना तो दबका असतो, उलटा फिरवताना कुरकुरतो, आणि खुंट संपले की विरतो. खर्रर्र, खर्रर्र, मग नुसतं सुईऽ. म्हणजे इथलं काम झालं, पुढे चला.

पुढे म्हणजे कुठे, ते डाव्या हाताची बोटं सांगत होती. ती वाटाड्यासारखी पुढे चालत होती आणि मागून रेझर. गालावरचे खुंट शिस्तीचे, सगळे खाली माना घातलेले. जबड्याची कड ओलांडून गळ्यावर उतरलं की मात्र कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. काही आडवे, काही चक्क वर तोंड करून. डोक्यावर भोवरा असतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. हनुवटीखाली डाव्या बाजूलाही एक आहे, हे वयाच्या चोपन्नाव्या वर्षी अंधारात कळलं. रोज तिथेच का कापतं, याचाही उलगडा झाला.

आणखी एक गंमत. वरच्या ओठाशी आलो तसा मी ओठ दातांवर ताणला, नाक वर केलं, एक डोळा मिटला. बघायला कुणीही नाही, मी स्वतःसुद्धा नाही, तरी रोजची सगळी माकडचेष्टा यथासांग. ओठ ताणणं ठीक, त्याने कातडी ताठ होते. डोळा कशासाठी मिटत असेन?

वास मात्र उशिरा आला. वडिलांचा दाढीचा साबण गोल असायचा, डबीत बसणारा, चंदनाच्या वासाचा. गॅलरीत खिडकीच्या खिळ्याला आरसा टांगून ते दाढी करायचे आणि मी जवळ घुटमळलो की ब्रशचा एक ठिपका माझ्या नाकावर. माझं क्रीम ट्यूबमधलं, मेंथॉलचं. त्याचा गारवा हा शुद्ध बनाव आहे. गाल गार पडलेला नसतोच. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मेंथॉल नुसतं चिथावतं आणि ते बिचारे मेंदूला कळवतात, गार वाटतंय बुवा. मिरचीची आगही अशीच खोटी. हे शोधून काढणाऱ्या दोघांना, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना, २०२१ साली नोबेल मिळालं. मला त्या क्षणी एवढंच वाटलं, की नाकालाही फसवणारं एखादं चंदन या ट्यूबमध्ये घालायला हवं होतं.

तोंड धुतलं आणि तुरटी शोधायला फळीवर हात घातला. पहिला दगड हाताला लागला तो खरखरीत, सच्छिद्र. ही वजरी. टाचांची. वेळीच कळलं म्हणून गाल वाचले. मग दोन गुळगुळीत, ओलसर खडे लागले. एक तुरटी, दुसरी झिजून झिजून तेवढीच उरलेली साबणाची वडी. बोटांना फरक कळेना. वास घेतला, तर नाकात आधीच मेंथॉल भरलेलं. शेवटी एक खडा जिभेला लावला.

तुरट! पहिल्याच फटक्यात तुरटी सापडली, नशीब. जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आई हीच फिरवायची आणि थोड्या वेळाने गाळ खाली बसायचा. तोंडातही ती थोडंफार तसंच करते. लाळेतली प्रथिनं एकमेकांना धरतात, जिभेवरचा बुळबुळीतपणा जातो आणि कोरडं, आकसल्यासारखं वाटतं. आपल्याकडे षड्रसांत कषाय म्हणून तुरटाला मानाचं पान आहे, पण ही चव कमी आणि स्पर्शच जास्त असं म्हणतात. म्हणजे गारवा खोटा, आणि चव म्हणून जी घेतली तीही जिभेने चाचपणंच. त्या सकाळी हाताबोटांचंच राज्य होतं म्हणायचं.

तुरटी गालावर फिरवली. हनुवटीखाली, भोवऱ्यापाशी, एकाच जागी चुरचुरलं. एकच!

लाईट आली तेव्हा मी शर्टाची बटणं लावत होतो. आरशात बघितलं, डावा गाल उजव्यापेक्षा गुळगुळीत. विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो. हिने वर बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, "बरी झालीय की," म्हणाली आणि डबा हातात ठेवला. लोकलमध्ये कुणी काही बोललं नाही, ऑफिसातही नाही. आठवडाभर मी मनातल्या मनात मिरवत होतो.

रविवारी केस कापायला सलूनमध्ये गेलो. मानेभोवती कापड बांधून झालं. कारागीर मागे उभा राहिला, टीव्हीवरच्या मॅचकडे बघत दोन्ही अंगठे माझ्या कानांपाशी कल्ल्यांच्या टोकांवर टेकवले, आणि तसाच थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "डावा कल्ला कुणी केला?"