आत्तीच्या बाळांचा भाव

आत्तीचा फोन आला रविवारी सकाळी. "येताना तुझा काटा घेऊन ये," म्हणाली. "आणि भिंग पण आण."

कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका सराफी पेढीवर मी चोवीस वर्षं मोडीच्या काउंटरला आहे. लोक जुने डाग, म्हणजे दागिने, घेऊन येतात. मी ते बघते, कसाला लावते, तोलते आणि आकडा सांगते. त्यामुळं घरात कुणालाही काही विकायचं झालं की हाक मलाच येते. मला वाटलं आत्ती पाटल्या काढणार असेल. पण तिला तिची बाळं विकायची होती.

बाळं म्हणजे बाहुल्या. 'रिबॉर्न' म्हणतात त्यांना. बघितल्याशिवाय समजत नाही हा प्रकार. नखाखालचा गुलाबी रंग, पापणीवरची निळसर शीर, नाकावरचे मोहरीएवढे पांढरे ठिपके, टाचेवरची सुरकुती, सगळं जिथल्या तिथं. आत्ती न्यू जर्सीत एकतीस वर्षं नर्स होती, त्यातली बरीच वर्षं अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात. तिथंच तिला हा नाद लागला. निवृत्त होऊन शाहूपुरीत आली ती सात बाळं घेऊन. २०१९ चा पूर झाला, २०२१ चा झाला. आता ती राजारामपुरीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जाते आहे. तीन बाळं ठेवायची, चार द्यायची, असं तिनं ठरवलं होतं.

मी पहिलीला, ठमीला, दोन्ही बगलांत हात घालून उचललं.

"मान! मान धर की आधी!" आत्ती ओरडली.

डोकं खरोखरच मागं कलंडलं. तान्ह्या बाळाचं कलंडतं तसं. डोक्यात आणि हातापायांत काचेचे बारीक मणी भरतात, धड कापडाचं असतं, त्यामुळं वजन बरोबर जागच्या जागी पडतं. काट्यावर ठेवली तर दोन किलो सहाशे. आत्ती म्हणाली, "नववा सरलेल्या बाळाचं असतं एवढं. म्हणून तर घेतलीती मी." इतकी वर्षं परदेशात राहूनही तिचं कोल्हापुरी बायकांचं 'मी घेतो, मी बघतो' सुटलेलं नाही.

मग मी माझ्या सवयीनं हिशेबाला बसले आणि पहिल्याच पायरीला अडले. आमच्याकडं साज मोडीत आला तर लाखेचं वजन वजा होतं, घट धरली जाते, टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, लावला जातो. राहतं त्या सोन्याचे पैसे मिळतात. घडणावळ बुडते. ज्या कारागिरानं एकेक पान उठवलं त्याच्या हाताला मोडीत शून्य किंमत. चोवीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले आहे आणि दर वेळी सांगताना जीभ जड होते. इथं बरोबर उलटं निघालं. ठमीतला माल म्हणजे व्हायनिल, मणी, कापूस आणि थोडी लोकर. तो सगळा वितळवला तर चहाचे पैसे सुटायचे नाहीत. इथं जी काही किंमत आहे ती मजुरीची.

ती मजुरी मी भिंगाखाली बघितली. या बाहुल्या कोऱ्या सुट्या भागांत येतात, त्याला किट म्हणतात. डोकं, हात, पाय, सगळं एकाच फिक्या रंगाचं. कलाकार त्यावर पाण्यासारखा पातळ रंग लावतो, भट्टीत साधारण १३० अंश सेल्सियसला आठेक मिनिटं भाजतो, थंड करतो, पुन्हा दुसरा थर. शिरांचा निळा वेगळा, गालाचा लाल वेगळा, थंडीनं बाळाच्या मांडीवर जाळी उमटते ती वेगळी. असे कितीतरी थर. मग केस. मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीची लोकर, काटेरी सुईनं टाळूत एकेक खुपसायची. ठमीच्या कपाळावर भिंग धरलं तर प्रत्येक छिद्रातून एकच केस निघालेला दिसला, आणि सगळे एका दिशेला निजलेले, भोवऱ्यापाशी वळलेले. पूर्ण डोक्याला कित्येक दिवस बसावं लागतं. दुसरं बाळ, चिमी, तिच्या एका छिद्रातून सहा-सात केसांचा झुपका आला होता, गादीतून काथ्या यावा तसा. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आत्तीनं विचारलं, "किती येतील?"

मी म्हटलं, आधी कागद दाखव. आमच्याकडं १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय नवा हॉलमार्क दागिना विकता येत नाही. तसंच काहीतरी इथंही असणार, असा माझा अंदाज होता आणि तो खरा निघाला. मूळ चेहरा घडवणारा शिल्पकार वेगळा, रंगवणारा कलाकार वेगळा. शिल्पकाराचं नाव बहुधा मानेच्या मागं उठवलेलं असतं. किट ठरावीक संख्येतच काढलेलं असेल तर त्याचा क्रमांक असलेलं कार्ड मिळतं, आणि रंगवणारा आपलं सहीचं प्रमाणपत्र देतो. मान, कार्ड आणि सही या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढं बोलायचं. मर्यादित संख्येचं किट संपलं की ते पुन्हा मिळत नाही, म्हणून भाव टिकतो. जे किट केव्हाही मागवता येतं, त्याच्या रंगवलेल्या बाळाला फक्त कलाकाराच्या हाताचा भाव मिळतो. बाउंटिफुल बेबी ही अमेरिकी कंपनी 'रिअलबॉर्न' नावाची किटं काढते, ती खऱ्या नवजात बाळांच्या त्रिमिती स्कॅनवरून घडवलेली असतात. चेहरा कितीही खरा असला तरी तेवढ्यानं भाव चढत नाही. कुणी रंगवलं, कसं रंगवलं, हेच बघतात.

ठमीचे तिन्ही कागद जुळले. आत्तीनं ते बाळाच्या लसीच्या फाइलीत ठेवावेत तसे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते, पावतीसकट. पावतीवर नऊशे डॉलर.

इथं मी आत्तीला एका गोष्टीवर थांबवलं, आणि ज्यांच्याकडं असं बाळ असेल त्यांनाही हेच सांगेन. तिनं ईबेवर तसल्याच बाळाला अडीच हजार डॉलर लावलेले बघितले होते आणि तोच आकडा डोक्यात धरून बसली होती. मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. तिथं विकून झालेल्या वस्तू वेगळ्या काढून बघता येतात. त्या बघायच्या, त्याही गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या, त्याच कलाकाराच्या, त्याच किटच्या. आम्ही दोघींनी एक संध्याकाळ त्यावर घालवली, वहीत अकरा विक्र्या लिहिल्या. त्या कलाकाराची बाळं साडेपाचशे ते सातशेला गेली होती. अडीच हजाराचं तिथंच पडून होतं.

चिमीच्या मानेवर नाव नव्हतं. कार्ड नव्हतं. कानाची पाळी आणि ओठाची कड गुळगुळीत, नक्षी झिजलेल्या पुतळीसारखी. अस्सल बाहुलीवरून साचा काढून ओतलेली ती नक्कल होती. आत्तीनं ती एका संकेतस्थळावर फोटो बघून घेतलीती. फोटो एका नामवंत कलाकाराच्या बाळाचा, त्याच्या पानावरून उचललेला. तो मूळ फोटो मी शोधून तिच्यापुढं ठेवला तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मोडीच्या काउंटरवर बाईचं मंगळसूत्र बेन्टेक्सचं निघालं की जी शांतता पसरते, तीच. मग म्हणाली, "हिला विकायचं नाही. खोटं नाणं आपल्या हातनं पुढं जायचं नाही." तिच्या ओळखीनं नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना दिली. बाळाला दुपट्यात गुंडाळायचं कसं, न्हाऊ घालताना हात कुठं ठेवायचा, हे शिकायला ती चांगलीच उपयोगी पडते.

तिसरा बाळ्या. तो सगळ्यांत देखणा होता, रंगकाम ठमीपेक्षाही नाजूक. पण एका गणपतीत आत्तीनं त्याला हौसेनं खणाचं झबलं घातलं होतं, गडद जांभळं, लाल काठाचं. गौरी गेल्यानंतर महिनाभर ते तसंच अंगावर राहिलं. काढलं तर डाव्या मांडीवर काठाची अख्खी रेघ उमटलेली, चंद्रकोरीसारखी वाकडी. साबणानं जात नाही. व्हायनिल म्हणजे पीव्हीसी, ते मुळात कडक. मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, आणि कपड्याचा कच्चा रंग त्यात विरघळून आत शिरतो. वरून पुसून निघायचा प्रश्नच नाही. मुरुमांवरचं बेन्झॉईल पेरॉक्साइडचं मलम लावून उन्हात ठेवतात, डाग फिका पडतो म्हणतात, पण त्याबरोबर कलाकाराचा रंगही फिका पडायची भीती. मी आत्तीला हात लावू दिला नाही. डाग झाकून विकता येतो, सांगून विकता येतो, पण डाग घालवायच्या नादात हाताचं काम गेलं तर काहीच राहत नाही. ज्यांच्या घरी अशी बाळं आहेत त्यांनी गडद कपडे आधी दोन-तीनदा धुवावेत, आत पांढरं बंडीसारखं काहीतरी घालावं, आणि खिडकीच्या उन्हात बाळ ठेवू नये. आमच्याकडच्या पावसाळी दमटीत बंद प्लास्टिकच्या पिशवीतही ठेवू नये.

चौथी राणू पुरातली. २०२१ च्या जुलैत पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. चेहऱ्याला, हातापायाला काही झालं नाही, व्हायनिल धुऊन निघालं. पण कापडी धडाला बुरशी आली, वास बसला. आत्तीनं नंतर शिंपीणबाईंकडून जाड सुती कापडाचं नवं धड शिवून घेतलं. शिवण सुबक आहे. तरी ते मूळचं नाही, आणि डाग देऊन सांधलेल्या साजाची घट जशी आम्ही सांगून धरतो तशी हीसुद्धा सांगूनच धरायची. मी जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं: धड बदललेलं आहे, पुराच्या पाण्यात भिजली होती. आत्तीला वाटलं आता कोण घेणार. पुण्याच्या एका फोटोग्राफर बाईंनी घेतली, नऊ हजाराला. त्या नवजात बाळांचे फोटो काढतात, आणि हाताखालच्या मुलींना खऱ्या बाळाला हात लावू देण्याआधी याच्यावर सराव करून घेतात. त्यांना धडाशी देणंघेणं नव्हतं, वजनाशी होतं.

ठमीला घेणारी अमेरिकेत मिळाली, सहाशे वीस डॉलरला. पण पाठवायची कशी? इथून कुरिअरला विचारलं आणि मी हबकले. साठ, पस्तीस, पंचवीस सेंटिमीटरचं खोकं. आंतरराष्ट्रीय कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून पाच हजारानं भागतात. साडेदहा किलो. बाळ दोन किलो सहाशेचं आणि भाडं साडेदहा किलोचं! विकण्याआधी हा हिशेब केला नाही तर निम्मी किंमत वाटेतच जाते. शेवटी आतेबहीण जानेवारीत आली होती, तिच्या बॅगेतून ठमी गेली आणि तिथून टपालानं पुढं. तिथल्या बाईंनी पोचल्यावर फोटो पाठवला, पाळण्यातला. आत्तीनं तो छापून घेतला आहे.

बाळ्या राहिला. संग्राहक मांडीचा डाग बघून तीनशे डॉलरच्या पुढं बोलेनात, आणि आत्तीला ते पटेना. मलाही पटलं नाही. इतकं चांगलं काम एका रेघेपायी निम्म्यावर यावं हे बाजाराच्या दृष्टीनं बरोबर असेल, पण त्या हाताच्या दृष्टीनं नाही. तेवढ्यात पेढीवर येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं की मोरेवाडीच्या चित्रनगरीत एका मालिकेचं शूटिंग आहे आणि बारशाच्या सीनसाठी बाळ पाहिजे. खरं बाळ दिव्यांखाली किती वेळ ठेवणार? मी फोटो पाठवले, डागासकट. कलाविभागातला मुलगा म्हणाला, "मांडी दुपट्यात जाणार हो ताई, चेहरा महत्त्वाचा." दिवसाला दीड हजार भाडं ठरलं, दोन दिवस. अनामत घेतली. वहीत लिहून दिलं: केस विंचरायचे नाहीत, मेकअप लावायचा नाही, गडद कपडा नाही.

आत्ती म्हणाली, मी पण येतो. तिला नको म्हणायची माझी छाती नव्हती. पाळणा सजवलेला, पाचजणी ओळीनं उभ्या, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या सुरू झालं. आत्याची भूमिका करणाऱ्या मुलीनं बाळ्याला पाळण्यातून दोन्ही बगलांत हात घालून उचललं.

"मान! मान धर की आधी!"

आत्ती दिव्यांच्या मागून ओरडली होती. सगळे तिच्याकडं वळले. कुणी काही बोलायच्या आत ती केबल ओलांडून पुढं गेली, त्या मुलीचा डावा हात धरला, तळवा बाळ्याच्या मानेखाली सरकवला, उजवा हात ढुंगणाखाली दिला आणि दोन पावलं मागं सरकून बघितलं. "आता उचल," म्हणाली. टेक पुन्हा घेतला.