माझा अनुभव : व्हेटर्नरी कॉलेजात मी विचारायला शिकले

माझं घर नागपूरच्या इतवारीतलं, बाबांचं धान्याचं दुकान. गाय माहीत होती ती रस्त्यात बसलेली, दुकानासमोर आली की चिमूटभर डाळ खाऊन जाणारी. नीटचे मार्क घेऊन सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले, तेव्हा जनावरांशी माझी ओळख एवढीच. कॉलेज 1958 पासूनचं. राज्याचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ 2000 साली झालं, त्याचं मुख्यालयही आमच्या नागपुरातच. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं पूर्ण वर्ष इंटर्नशिपचं.

हाडांची नावं, जंतांची जीवनचक्रं, औषधांचे डोस हे रात्री जागून पाठ होतं. जनावराच्या मालकाशी बोलणं काही पाठ करून येईना. मला सगळ्यांत जास्त वेळ लागला तो तिथेच.

क्लिनिकला ड्यूटी लागली ती मे महिन्यात. सकाळी नऊलाच शेडचे पत्रे तापलेले. हिंगण्याकडून एक काका गाय घेऊन आले, गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र. माझ्या हातात केसपेपर. मी क्रमाने विचारत गेले. ताप? नाही. कधीपासून खात नाही? "परवापासून खाऊन नाही राहिली जी." काही वेगळं, विषारी वगैरे खाल्लं का? "नाही जी, घरचंच खाते." सगळं लिहून घेतलं. पेपर नीट भरला म्हणून मला बरंही वाटलं.

सर आले. गाईच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे कुशीतल्या खळग्यावर, मूठ दाबून हलवली, आतून पाणी डचमळल्यासारखा आवाज आला. शेपटीला लागलेलं शेण पाहिलं. पातळ, आंबूस वासाचं. मग काकांना म्हणाले, "घरी लग्नबिग्न होतं का एवढ्यात?"

"होय न जी, भाचीचं होतं. भात उरला होता, दोन टोपले टाकला हिच्यापुढे."

भात कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, झपाट्याने आंबतो आणि आम्ल तयार होतं. कोठीपोटाचा सामू (पीएच) एरवी 6 ते 7 च्या आसपास असतो. तो 5 च्या खाली गेला की जनावराच्या जिवावर बेततं. हे मी पेपरात लिहून चांगले मार्क मिळवले होते. पण उरलेलं अन्न गाईला घालणं काकांच्या दृष्टीने पुण्याचं काम. ते "वेगळं" कसं, आणि "विषारी" तर कसं असेल? त्यांनी काही लपवलं नव्हतं. माझा प्रश्नच त्यांच्या घरापर्यंत पोचला नव्हता. सलाईन आणि सोडा चालू झाला, गाय तिसऱ्या दिवशी रवंथ करायला लागली.

त्या संध्याकाळी मी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रश्न लोकांच्या बोलीत लिहायला सुरुवात केली. 'भूक मंदावली आहे का' खोडून 'पेंडीला तोंड लावते का, पाणी किती पेली' असं. 'विष्ठेचे स्वरूप' खोडून 'शेणाचा पो पडते का पातळ टाकते'. कितवं वेत, व्यायली कधी, भरवली (म्हणजे रेतन केलं) कधी, भरवल्यावर उलटली (पुन्हा माजावर आली) का. वहीत सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली ओळ मात्र प्रश्नाची नाहीच. ती अशी आहे: घरी फोन लावायला सांगणे. जनावर दवाखान्यात आणतो पुरुष, पण बहुतेक घरी दूध काढते, शेण उचलते आणि चारा टाकते ती बाई. काका म्हणतात, "दूध बरोबर देते." काकू फोनवर सांगतात, "कुठलं बरोबर, चार दिवसांपासून सकाळचं अर्धं झालं न." निम्मं निदान त्या फोनवर होतं. माझ्या ज्युनिअर्सना मी हे आजही आग्रहाने सांगते.

नोंदी, प्रिस्क्रिप्शन, रजिस्टर हे सवयीने जमलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

इंटर्नशिपमध्ये गावच्या एका दवाखान्यात होते तेव्हा माझ्या हातून चूक झाली. जर्सी संकरित गाय, दोन महिने माजावर नाही म्हणून आणलेली. खांद्यापर्यंत ग्लोव्ह चढवला, साबणाचं पाणी लावलं आणि गुदद्वारातून हात आत घातला. आतड्याची कळ आली की मनगट आवळलं जातं, बोटं बधिर होतात, ती ओसरेपर्यंत थांबावं लागतं. कमरेच्या हाडाच्या कडेपलीकडे गर्भाशय चाचपलं. त्याची दोन्ही शिंगं, म्हणजे दोन फाटे, मला सारखेच वाटले. मी हात काढला आणि ठणकावून सांगितलं, "रिकामी आहे." माजावर आणायचं इंजेक्शन द्यायचं ठरत होतं.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सिरिंज भरण्याआधी एकच विचारलं, "भरवली होती का?" मालक म्हणाले नाही. मग थांबून म्हणाले, "पोराले विचारतो." पोरानं फोनवर सांगितलं की त्यानं भरवली होती, दीड महिना झाला, बापाला सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी स्वतः हात घातला. एक शिंग किंचित मोठं, बोटाखाली पाण्याने भरल्यासारखं मऊ. दोन महिन्यांच्या आतला गर्भ नवख्या हाताला सहज लागत नाही. आणि ते इंजेक्शन गाभण गाईला दिलं की गर्भ पडतो.

मला दरदरून घाम फुटला. डॉक्टर मला ओरडले नाहीत, पण मालकाशी बोलायलाही आले नाहीत. ते मलाच करायचं होतं. "काका, माझं चुकलं. मला गाभण कळली नाही. तीन आठवड्यांनी परत आणा, तोवर कोणाकडूनही इंजेक्शन घेऊ नका." काका म्हणाले, "चालते न मॅडम, हात नवा आहे तुमचा." तीन आठवड्यांनी गाय गाभणच निघाली. तेव्हापासून शंका असली की केसपेपरवर 'खात्री नाही, पुन्हा तपासणी' असं मी ठळक लिहिते आणि मालकाला ते मोठ्याने वाचूनही दाखवते.

वाईट बातमी सांगणं मला सगळ्यांत उशिरा आलं. धरमपेठेतली एक आजी कुत्र्याला घेऊन आली होती. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार, मेंदूपर्यंत गेलेला, झटके येत होते. मी रोज म्हणत राहिले, "बघू, प्रयत्न करू." सहा दिवस आजी ऑटो करून येत राहिली, सलाईन चालू असताना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. सातव्या दिवशी तो गेला. तिनं मला एवढंच विचारलं, "आधीच का नाही सांगितलं बेटा? घरी त्याच्या जागेवर तरी ठेवला असता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या "बघू"मध्ये मला धीर होता, तिला नव्हता.

त्यानंतर श्रावणात, पोळ्याला जेमतेम पंधरा दिवस असताना, काटोल रोडला ट्रकने ठोकरलेल्या बैलाकडे मला पाठवलं. नाव पाखऱ्या. मागची मांडी सुजून दुप्पट झालेली, हाड हलवलं की आत कड्‍कड् लागत होतं. मालक त्याच्या तोंडाशी बसून कणीक खाऊ घालत होते, बैल तोंड फिरवत होता. मी बॅग बाजूला ठेवली आणि त्यांच्याजवळ खाली बसले.

"काका, मांडीचं हाड तुटलं आहे. एवढ्या वजनाच्या बैलाला तिथे प्लास्टर धरत नाही. हा आता उभा नाही राहणार."

पुढे काहीतरी बोलावंसं फार वाटत होतं. बोलले नाही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पोळ्यापर्यंत तरी?"

"नाही काका."

त्यांनी कणकेचा गोळा बाजूला पाटीत ठेवला, हात धोतराला पुसला आणि माझ्याकडे कात्री मागितली. वेसण कापायची होती. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून दोर मी धरला आणि कापली त्यांनी.