तासगावच्या रथाची टेप: गर्दी सोडून गोपूर धरलं

मंडळी, मामाने हातात कॅमेरा धरून काढलेल्या जुन्या मिनी डीव्ही (छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट) टेपांमधलं हलणारं चित्र मी स्थिर करतोय, आणि त्यांपैकी तासगावच्या (जि. सांगली) गणपतीच्या रथोत्सवाची टेप आता बघण्यासारखी झाली आहे. सगळी नाही, पण गणपती मंदिरासमोरचा भाग स्थिर झाला. लग्न-बारशाच्या टेपांना डीशेकरची (हलणारं चित्र स्थिर करणाऱ्या सॉफ्टवेअरची) जी सेटिंग्ज मस्त चालली होती, ती इथे अजिबात लागू पडेनात. त्यामागचं कारण कामाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ मालाबद्दल थोडं. टेप फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडायच्या केबलने) उतरवली आहे, म्हणजे डीव्हीचा डेटा जसाच्या तसा आला. तासाला साधारण १३ जीबी जागा जाते, जाऊ दे. काम संपेपर्यंत ही फाइल दाबून लहान करायची नाही, कारण कॉम्प्रेशनच्या चौकटी उमटल्या की सॉफ्टवेअरला बारीक हालचाल नीट मोजता येत नाही. चित्र पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीचं आहे: ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, फ्रेममागे दोन फील्ड (एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं), खालचं फील्ड आधी. या दोन फील्डमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं आणि तेवढ्यातही हात हललेला असतो. म्हणून डीशेकरच्या व्हिडिओ प्रकारात इंटरलेस्ड (दोन फील्डचं चित्र) निवडायलाच हवं, नाहीतर कडांना दाते पडतात. कॅमेरा सीसीडी सेन्सरचा, म्हणजे अख्खं चित्र एकदम टिपणारा, त्यामुळे रोलिंग शटरची (चित्र ओळीओळीने टिपल्याने येणारा तिरपेपणा सुधारायची) खूण काढून टाकली.

आता मुख्य गोष्ट. ऋषिपंचमीला हा रथ माणसं दोरखंडाने ओढतात, गुलालाने हवा लाल झालेली असते, आणि मामा त्या गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरून उभा. डीशेकर पहिल्या फेरीत चित्राचे छोटे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोन पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला ते शोधतो आणि बहुतेक चौकोन ज्या दिशेला गेले, ती कॅमेऱ्याची हालचाल समजतो. इथे बहुतेक चौकोनांत माणसं! दोर ओढणारी मंडळी डावीकडे झुकली की सॉफ्टवेअरच्या हिशेबाने कॅमेरा उजवीकडे वळला. मग ते गर्दीला जागेवर खिळवतं आणि मंदिर डुलायला लागतं. दगडी गोपूर (मंदिराच्या दारावरचा उंच मनोरा) डुलताना बघवत नाही हो.

उपाय पहिल्याच फेरीच्या खिडकीत आहे. मोजणीतून एक आयत वगळता येतो. मी चित्राचा खालचा, गर्दीचा भाग वगळला आणि फक्त वरची पट्टी मोजायला ठेवली. त्या पट्टीत सात मजली गोपूर आहे, त्यावरची शिल्पं आहेत, म्हणजे उजेड-सावलीचा भरपूर तपशील. मोजणीला यापेक्षा चांगला आधार कुठला? गुलालाचा लोट वरपर्यंत चढतो तेवढ्या फ्रेम मात्र बिघडतात, कारण लोटालाही स्वतःची चाल असते. तिथे डीशेकरच्या लॉग फाइलमधल्या (प्रत्येक फ्रेमच्या मोजणीची नोंद असलेल्या) ओळी उघडून बघितल्या. आजूबाजूच्या फ्रेममध्ये आडवं सरकणं दोन-तीन पिक्सेलचं, आणि मध्येच एका ओळीत एकदम वीस. अशा ओळी हाताने दुरुस्त केल्या. वेळ जातो, पण फरक डोळ्याला लगेच दिसतो.

जिथे वर नुसतं भाद्रपदातलं पांढरं आभाळ आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. सपाट आभाळात ओळखायला काही नसतं. म्हणून टेपचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा आयत दिला: कुठे माडीचा कठडा, कुठे विजेचा खांब.

दुसऱ्या फेरीत मोजलेल्या हालचालीवरून चित्र प्रत्यक्ष स्थिर होतं. तिथे गुळगुळीतपणाचे आकडे मुळात १००० असतात; आकडा मोठा तितकी हालचाल जास्त पुसली जाते. आडव्या हालचालीला मी ३०० ठेवले. रथ पुढे सरकतो तसा मामा कॅमेरा वळवतो, ते वळणं त्याचं आहे, ते राहायला हवं. गोल फिरण्याला मात्र १०००च ठेवले, क्षितिज कलंडलं की डोकं गरगरतं.

राहिला कडांचा प्रश्न. चित्र सरकवलं की बाजूला काळ्या पट्ट्या येतात आणि झटपट इलाज म्हणजे झूम. पण एका शॉटमध्ये अगदी डाव्या कडेला आजी हात जोडून उभी आहे. झूम केलं की तीच कापली जाते. तिथे झूम बंद केलं आणि मागच्या-पुढच्या फ्रेममधून कडा भरून घेतल्या. जोडाची रेघ कुठे कुठे दिसते, दिसू दे. घरच्या टेपमध्ये माणूस महत्त्वाचा, चौकट नंतर.

बाकी आहे तो संध्याकाळचा भाग. उजेड कमी, प्रत्येक फ्रेम हाताच्या हिसक्याने फराटलेली. चित्र स्थिर केलं तरी फराटा फ्रेममध्येच राहतो, आणि स्थिर चित्रात मधूनच धूसर झाल्यावर तो जास्तच खुपतो. तिथे सगळेच आकडे १५०च्या आसपास आणून थोडी हालचाल मुद्दाम ठेवतोय. म्हणजे धूसरपणा आणि हिसका एकत्र येतात आणि डोळा ते मान्य करतो. अशा अंधारातल्या मिरवणुकीवर कुणी काम केलं असेल तर आकडे जरूर सांगा, माझे अजून पक्के झालेले नाहीत.